लाल सेडमची कुंडी

आई, रविवारी लेकीला घेऊन बडनेरा रोडवरच्या नर्सरीत गेले होते. अमरावतीत आता सेडमच्या, त्या जाड रसाळ पानांच्या झाडाच्या, कुंड्या रांगेनं मांडलेल्या असतात. सोनेरी, निळसर, अन् शेंगदाण्याएवढ्या पानांची ती लाल, तुझी. तुझ्या वेळी अकोल्यात त्याचं एक रोप मिळावं म्हणून तू पुण्याच्या मैत्रिणीला तीन पत्रं लिहिली होतीस. लेकीनं एक हिरवीगार, टम्म पानांची कुंडी उचलून छातीशी धरली. मी म्हटलं, "ही कायले? हिले रंगच नाही." माझ्याच तोंडून, तुझ्याच आवाजात. पोरीनं कुंडी गुपचूप जागेवर ठेवली आणि घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. आम्ही लाल घेऊन आलो.

तुझी गच्ची मला अजून पाठ आहे. उन्हाळ्यात वर हिरवी जाळी, कुंडीत रेती अन् विटांचा चुरा. आपली काळी माती कपाशीला चांगली, याला नाही, असं तू येईल त्याला सांगायचीस. थंडी पडली की जाळी काढायची आणि पाणी तोडायचं. पानं आक्रसायची, टोकं लाल व्हायची, मग अख्खं झाड पेटल्यासारखं दिसायचं. "लाड केले का हिरवीच राह्यते. तहानली का मंग रंग चढते." तू शिकवायचीस त्या शाळेतल्या बाया वाहवा करायच्या. मी वर्गात दुसरी आले तर तू विचारायचीस, "पह्यली कोन आली?" चित्र दाखवलं तर हाताचा अंगठा चुकला म्हणायचीस. एकदा धीर करून विचारलंच, तू मला कधीच चांगलं का म्हणत नाहीस? तू सुकलेली पानं खुडत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "मले कोनं पानी टाकलं होतं?" तेव्हा अकरा वर्षांची होते मी. घराण्यातली पहिली नोकरी करणारी बाई तू, तुझे हाल झाले, सगळं खरं. पण आता उत्तर सुचतं. तुला कुणी पाणी टाकलं नाही, कबूल. माझ्या वेळी लोटा तुझ्या हातात होता ना, आई?

त्याच हिवाळ्यात, लाल कुंडी मांडायची होती ते फुलांचं प्रदर्शन तोंडावर असताना तुला आठ दिवस ट्रेनिंगसाठी अमरावतीला जावं लागलं. परत आलीस ती पिशवी खांद्याला तशीच ठेवून थेट गच्चीवर गेलीस. मी मागं उभी आहे. लाल कुंडीतली पानं काचेसारखी पारदर्शक झालीत, देठ बुडाशी काळा पडलाय, तू बोट लावलंस तशी पानं टपाटप गळतात. खाली येऊन तू विचारतेस, "कोनं टाकलं पानी?" बाबा स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसलेत. ते माझ्याकडे बघतात, मग शेंगांकडे. "मीनं टाकलं. तहानल्यासारखी दिसली मले."

"तुमाले एवढीबी अक्कल नाही?" इथून जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं. पाहुणा आला, चहा झाला, की बाबांच्या पाण्याचा किस्सा. ते हसायचे. दवाखान्यात बाबांच्या शेवटच्या आठवड्यात शेजारीण भेटायला आली, तिलाही तू सांगितलंस, अन् ते तेव्हाही हसले. कुंडी सडली त्या दिवसानंतर ते गच्चीवर कधी चढले नाहीत.

हे तुला पोचणार नाही म्हणूनच लिहून राहिले. पाणी मी टाकलं. शाळेतून आल्यावर रोज एक भरलेला लोटा, आठही दिवस. दया आली म्हणून टाकलं, असं मी स्वतःला फार वर्षं सांगितलं. साफ खोटं. जास्त पाण्यानं ते सडतं हे तू मला शंभरदा बजावलं होतंस. मला ते सडायलाच हवं होतं. तू गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं जाऊन रडलीस, ते मी पाहिलं. माझ्यासाठी तू कधी रडली नाहीस, म्हणून आणखी चीड आली. बाबा होते तोवर सांगता आलं असतं, ते गेल्यावर तू होतीस तेव्हाही. नाही सांगितलं. चूक त्यांच्या नावावर होती तोवर मला तुझ्यावर निवांत रागावता येत होतं.

काल ऑफिसातून येताना नर्सरीत थांबले. ती हिरवी कुंडी अजून तिथंच होती, कुणी नेली नव्हती. आणली, लेकीच्या हातात दिली. तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू! छान निवडलीस, एवढंच म्हणायचं होतं, वाटेत दोनदा घोकलंही होतं. तोंडातून निघालं, "पानी जास्त टाकू नोको."