मान वळण्याचे नाव

४ मार्च

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईची प्रकृती आहे तशीच आहे. पक्षाघाताने वाचा नेली, ती परतली नाही. डॉक्टरांच्या मते तिला आता कोणाचीच ओळख उरलेली नाही. घर काय, शुश्रूषागृह काय, तिला सारखेच. महिनाअखेरीस तिला तिकडे हलवावे, असे तूही फोनवर म्हणालीस. माझे गुडघे पाहता तुझे म्हणणे अवाजवी नाही.

परंतु एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. दाराची कडी वाजली की ही माझी धाकटी बहीण मान वळवते. डॉक्टर म्हणतात, ह्याला वर्तन म्हणत नाहीत. मग काय म्हणतात? तुम्ही संशोधक मंडळी वर्तनाची वर्गवारी करता ना? शास्त्रांनी कर्म, अकर्म आणि विकर्म असे भेद सांगितले. त्यांपैकी एकाही घरात ही मान मला बसवता येईना. ती आपल्याला ओळखते की नाही, एवढेच कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावलेली,
मावशी

११ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न कालच्या बैठकीत मांडला आणि पस्तावले. निरनिराळ्या शास्त्रांचे आम्ही लोक वर्तनाची एकच व्याख्या ठरवायला बसलो आहोत. प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या बाई म्हणाल्या, आवाजाकडे वळणं हे वर्तनच. त्या तर मुंगीलाही नाही म्हणत नाहीत. मेंदूवाले गृहस्थ म्हणाले, हेतू नसेल तर ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. वनस्पतिवाल्यांनी सूर्यफुलाची बाजू घेतली. चहा गार झाला, व्याख्या झाली नाही.

तू संस्कृत जाणतेस. वर्तन म्हणजे मुळात काय गं? आणि एक करून पाहा: आई दरवेळी तशीच वळते, की माणसागणिक फरक पडतो? तोवर शुश्रूषागृहातली खोली मी धरून ठेवली आहे.

तुझ्या रागालोभाची हक्कदार,
चिमणी

२० मार्च

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘वृत्’ हा धातू. त्याचा अर्थ वळणे, आणि नुसते असणेही. म्हणजे धाकटी निपचित पडली तरी तिचे वर्तन चालूच. शब्दाने माझा घोटाळा वाढवलाच.

तू सांगितल्याप्रमाणे पाहिले. दूधवाला आला, वळली. शेजारीण आली, वळली. मांजराने दार ढकलले, तरी वळली. मी आले, तर ढुंकून पाहिले नाही. मी तिला अनोळखी झाले असेन, किंवा फार ओळखीची. दोन्ही अर्थ लागतात.

काल तुझे पत्र तिला वाचून दाखवले. तुझे नाव ऐकताच माझ्याकडे वळली. खोलीचे वाक्य गाळणार होते, पण देवाचे नाव घेणाऱ्या जिभेने लबाडी करवेना. ते वाचले आणि तिने मान भिंतीकडे फिरवली. कडी मुद्दाम वाजवली, वळेना. घास पुढे केला, वळेना. तिन्हीसांजेपर्यंत तशीच. कदाचित मान अवघडली असेल. कदाचित उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली असेल. मला मात्र एकच शब्द सुचतो: रुसणे. तो तुमच्या यादीत आहे काय?

सदैव तुझे कल्याण चिंतणारी,
मावशी

२६ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

यादी पुन्हा पुन्हा चाळली. रुसणं त्यात नाही. मेंदूवाले म्हणाले, एका प्रसंगावरून काही सिद्ध होत नाही. प्राण्यांच्या बाई म्हणाल्या, दिसली ती मान. रुसवा त्यात आपण घातला. दोघांचंही बरोबर आहे, आणि माझं डोकं चालेनासं झालं आहे. पण परक्यावर कोणी रुसतं का, मावशी?

खोली सोडून दिली. शनिवारी बाडबिस्तरा घेऊन येते. काम तिथूनच करीन. आईला ओळख उरली आहे की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. ती भिंतीकडेच पाहत राहिली, तर मी भिंतीच्या बाजूला जाऊन बसेन.

दोघींची,
चिमणी