नेमकं कसं वाटतंय?

अण्णा, सोमवारपासून माझा उजवा हात मला माझा वाटत नाही. दुखत नाही, मुंग्याही येत नाहीत. टेबलावर ठेवलेला दिसतो, हलव म्हटलं की जरा उशिरा हलतो. हे वर्णन मुळात तुमचं आहे आणि कितीतरी वर्षं मी ते वर्गात वापरत आले आहे.

हुपरीच्या घरात पुढच्या खोलीत तुम्ही चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडत बसायचात. मी कोल्हापुरात तत्त्वज्ञानात एम.ए. करत होते. सुट्टीला एसटीने घरी आले की नवं शिकलेलं सगळं तुमच्यावर ओतायचे. फेनॉमेनॉलॉजी हा शब्द तुमच्या तोंडी बसेना म्हणून आपण दोघं पोट धरून हसलो होतो. मी समजावलं होतं की चांदी मुळात काय आहे, खरी आहे की नाही, ही सत्तामीमांसेची भांडणं बाजूला ठेवायची. ती हाताला कशी लागते, डोळ्यांना कशी दिसते, तेवढंच नीट सांगायचं. तुम्ही फुंकणी खाली ठेवलीत. "दिसायला कशी बी दिसू दे पोरी, आटवल्याबिगार खरी-खोटी कळत न्हाय." मला ते अडाणीपणाचं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी तुमच्या हातून चिमटा सुटला. उचललात, पुन्हा सुटला. तुम्ही हाताकडे बघत बसला आहात, मी चहा घेऊन उभी आहे. "ह्यो हात माझा न्हाय वाटत. दुसऱ्या कुणाचा तरी आणून लावल्यागत झालंय. तू शिकल्याली हाईस, सांग की, काय असंल ह्ये?" आई आतून म्हणाली, "दवाखान्यात जाऊन या की." आणि मी, घरातली एकुलती एक शिकलेली, म्हणाले, "थांब गं आई. अण्णा, अजून सांगा. नेमकं कसं वाटतंय?" मी वहीत उतरवून घेत होते. तुम्ही आठवून आठवून सांगत होतात. मुलगी एवढं विचारतेय म्हणजे तिला उपाय ठाऊक असणार, असा तुमचा विश्वास होता. दुपारी तुमचं तोंड वाकडं झालं. हुपरीहून कोल्हापूर काही लांब नाही, पण तुम्ही वाटेतच गेलात. मला अजून त्या सकाळची लाज वाटते.

परवा वर्गात मी तेच सांगितलं, नेहमीप्रमाणे 'एक कारागीर' असं म्हणून. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मग त्यांचं पुढं काय झालं वो?" तो प्रश्न आपल्या विषयाबाहेरचा आहे, असं मी म्हणाले. खडू हातातून पडला होता, तो डाव्या हाताने उचलला आणि तास पुरा केला.

आज लेकीने मला हे पत्र डाव्या हाताने लिहिताना पाहिलं. काय होतंय ते मी तिला सांगू लागले, अगदी बारकाव्यांनिशी, तर ती ओरडलीच. "आई, वर्णन कसलं करत बसलीयास? ऊठ की! चल दवाखान्यात!" ती खाली गाडी काढायला गेली आहे. उजव्या पायात चप्पल घातली की नाही, ते मला खाली बघितल्याशिवाय कळत नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच सांगता येतंय. आईला मी कायम सांगत आले की तेव्हा मी घाबरून गेले होते, मला काही सुचलं नाही. तसं नव्हतं, अण्णा. तुमचा हात तुम्हाला तुमचा वाटत नाही, हे ऐकून, वहीसाठी इतकं नेमकं उदाहरण मिळालं म्हणून, मला आनंद झाला होता.