एकशे आठ फटके

मुक्काम कर्जत, चैत्र वद्य पंचमी, शके १८१७

तीर्थस्वरूप तात्यांच्या चरणी धाकट्या भावाचे दंडवत. शाळेच्या सुट्टीत आम्ही सर्वजण येथे माझ्या सासरवाडीस सुखरूप आहोत. मुलांना कर्जतचा उन्हाळा मानवला आहे. आपल्या गुडघ्याला एरंडेल चोळणे चालू असेलच. आपल्या चौक गावी वारा बरा असतो, पण पहाटे ओसरीवर उघडे बसू नये. पूजेला नेसायची लोकरीची धाबळी अजून सापडत नाही, असे आपण लिहिले. शांतपणे शोधावी, वहिनींवर रागावू नये.

आता जे लिहितो ते वाचून आपल्याला अभिमान वाटेल. मी गोल्फ शिकलो. हा साहेबांचा खेळ. लिंबाएवढा पांढरा चेंडू वाकड्या तोंडाच्या काठीने मारत मारत दूरच्या खळग्यात घालायचा. ज्याला फटके कमी लागतील तो जिंकला. आमचे मेहुणे अप्पा रेल्वेच्या ज्या साहेबांकडे कारकून आहेत, त्यांनी चांगो नावाच्या शेतकऱ्याच्या कापलेल्या भातशेतात असे पाच खळगे खणवून घेतले आहेत. साहेबांना जोडीदार नाही, म्हणून त्यांनी अप्पांना शिकवले. आणि अप्पा पहिल्याच दिवशी भरल्या पंक्तीत म्हणाले, "मास्तरांनी जन्मभर छडी चालवली, त्यांना ही काठी काय झेपणार!" मी वरणभात कालवत होतो. म्हटले, शिकेन. तेव्हा अप्पांनी अट घातली, की सहा दिवसांनी सामना, आणि मी हरलो तर पंक्तीतला पहिला पाट सोडायचा. तात्या, बावीस वर्षे जावई म्हणून या घरात पहिला पाट माझा आहे. (सासूबाई तूप आधी माझ्या भातावर वाढतात, मग अप्पांच्या. ते तूप अप्पांना बावीस वर्षे सलते आहे.)

पहिली अडचण काठीची. तिची मूठ चामड्याची. स्नानसंध्या झालेल्या हाताने ती धरावी कशी? शेवटी मुठीवर लोकरीची पट्टी गुंडाळली. लोकरीला विटाळ नाही. चेंडू झाडाच्या चिकाचा असतो असे साहेबांनी सांगितल्यावर उरलेला संशय गेला. साहेबांचे मराठी घोड्याच्या मोतद्दाराकडून शिकलेले, त्यामुळे ते मला अरेतुरे करतात, पण माणूस मनाने सरळ. त्यांची सारी शिकवण एकच, "डोके खाली ठेव!" सत्तावीस वर्षे शाळातपासनीसांपुढे मी दुसरे काय केले? साहेबांनी माझी पाठ थोपटली (अप्पांची अजून थोपटलेली नाही). मात्र डोके खाली असल्यामुळे चेंडू कुठे गेला हे मला कधीच दिसले नाही. बहुतेक वेळा तो तिथेच असे.

चांगो बांधावर बसून हे रोज पाही. एके सकाळी त्याला राहवेना. "मास्तर, चेंडू तुमच्या पायाशीच हाय ना? त्याला लांब धाडायचा, मंग त्याच्या मागं उनात जायाचं, हे कशापायी?" मी दिवसभर विचार केला. मग ठरवले, की प्रत्येक फटक्याला रामाचे नाव घ्यावे, म्हणजे चेंडू कुठेही जावो, फटका वाया जाणार नाही. नुसत्या हवेला बसलेला फटकाही साहेब मोजतात, ही त्यांची रीत मला फार आवडली.

काल सकाळी सामना झाला. सासूबाई पदर ओढून आंब्याखाली बसल्या होत्या. अप्पांचे पाचही खळगे एकेचाळीस फटक्यांत झाले. माझे शंभर झाले तेव्हा चेंडू शेवटच्या खळग्यापासून वीतभर होता. मग मी तो खळग्याभोवती हळूहळू फिरवला, या अंगाने, त्या अंगाने, प्रदक्षिणा घालावी तसा, आणि एकशे आठव्या नामाला आत सोडला. साहेबांनी अप्पांशी हस्तांदोलन केले. अप्पा म्हणाले, "आई, आजपासून पहिला पाट माझा." सासूबाईंनी मला विचारले, "शंभरावर का नाही आटोपलंत?" मी म्हटले, माळ अर्धी कशी सोडायची? त्या उठल्या. "अप्पा, तू रे काय म्हणत होतास एकेचाळीस वेळा?" अप्पा काय म्हणत होते ते सर्वांनी ऐकले होते. (साहेबांकडून खेळाबरोबर त्यांनी ते शब्दही उचलले आहेत.) दुपारी पहिला पाट माझाच मांडला होता, आणि तूप नेहमीपेक्षा जास्त.

करविता श्रीराम, मी निमित्त. तरी आपल्या घराण्यात गोल्फ खेळलेला पहिला पुरुष मी, हे आळीत सांगायला हरकत नाही.

आपला,
गजा

ता. क. अप्पांना संशय आहे. एकशे आठ पुरे केल्याशिवाय न उठण्याची रीत आपल्या घरात खरोखर आहे काय, असे ते आपणास पत्राने विचारणार आहेत. सासूबाईंचा विश्वास आपल्या शब्दावर, आणि माझा पाट आता त्या शब्दावर. रीत आहेच. तेवढेच लिहावे, पुढे काही लिहू नये.

आणखी ता. क. धाबळी शोधणे थांबवावे. प्रवासात सोवळ्याला म्हणून मीच आणली होती. एका टोकाला चार बोटे कमी आहे, बाकी शाबूत आहे.

शेवटचा ता. क. आपल्याशी खोटे बोलवत नाही. ते आठही फटके मी खळग्याचा नेम धरूनच मारले होते. नाम मात्र त्या आठ वेळी जितक्या कळकळीने घेतले, तितके उभ्या जन्मात घेतले नव्हते.