अकरा फूट पाणी आणि एक लिंबू

तीर्थस्वरूप मामांस,

बोटीच्या मागच्या फळीवरून विष्णूचा वाकता येईल तितका नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामी तेल लावते, की तुम्ही अजून "काही झालं नाही" म्हणत लंगडताय? फोन केला असता, पण तुम्ही मध्येच हसता आणि मला रडू येतं, म्हणून लिहून फोटो पाठवतोय. (सातवीनंतर एवढं पहिल्यांदाच लिहितोय, चुका पोटात घाला.)

गुरुनाथ काका तुम्हाला माहीत आहेत. इथे अमेरिकेत हर्नडन गावी कॉम्प्युटरचं काम करतात, सुट्टीला नदीत बोट चालवतात. ती बोट राखायला त्यांनी मला ठेवलंय. बोटीवर पाण्याची खोली सांगणारं यंत्र आहे, त्याचा सेन्सर मागे तळाशी बसतो. बोट हळू असली की आकडा बरोबर, वेग घेतला की वेड लागल्यासारखा: सात, नव्वद, परत सात. काकांनी तीनदा बंद-चालू केलं, अपडेट मारलं (त्यांच्याकडे सगळ्या रोगांवर हे एकच औषध). शेवटी बोट वेगात असताना मी पोटावर झोपून मागे वाकून पाहिलं, तर सेन्सर नुसत्या फेसात! फेसातून त्याला तळ कसा कळावा? मग तो इंजिनच्या पंख्यापासून लांब सरकवला, बोटाभर खाली घेतला, स्वच्छ पाण्यात. मामा, फुल स्पीडला आकडा जागचा हलेना! काका म्हणाले, "यार विष्णू, तू तर इंजिनिअर निघालास!" धक्क्यावरचे चार बोटवाले येऊन वाहवा करून गेले.

इथेच माझी मती फिरली. एवढ्या लोकांची नजर लागू नये म्हणून रविवारी सकाळी मी लिंबू-मिरची बांधली. कुठे? सेन्सरलाच. (तारीफ त्याचीच झाली होती ना.)

नीना काकू, त्यांची लेक अनिका आणि पुरणपोळ्यांचा डबा घेऊन निघालो. वेग घेतल्यावर आकडा लुकलुकायला लागला, पण होता अकराच. मला वाटलं, खुशीत आहे. तळ सापडला नाही की हे यंत्र जुनाच आकडा लुकलुकवत बसतं, हे आता कळलं. मी ओरडलो, "अकरा फूट, काका, बिनधास्त घ्या!" आणि बोट वाळूत घुसली. पोळ्या नदीत, काकू माझ्या अंगावर. लागलं कोणाला नाही. अनिकाने शांतपणे विचारलं, "विष्णूदादा, आर वी पार्क्ड?" तुम्ही दिलेली, पाण्यात सोडून खोली मोजायची शिशाची दोरी पेटीतच होती, पण यंत्रासमोर ती काढायची मला लाज वाटली होती.

इथे नदीलाही भरती येते, तिची वाट बघत तीन तास बसलो. उतरून पाहिलं तर दोरा सेन्सरला गुंडाळलेला, मिरच्या त्याच्या तोंडावर. मी गुपचूप तोडून सगळं खिशात घातलं. आणि वर बोटीत काका सांगत होते, "चूक माझी. मीच जोरात नेली." काकू म्हणाल्या, "मग आता विकाच ती." ते हो म्हणाले, मामा! किती वर्षं थांबून घेतलेली बोट. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून "चहा घेता का?" एवढंच आलं.

तुमचा,
विष्णू

ता. क. खरं काम हे, की काकांना तुम्हीच फोन करून सांगा. तुमचा शब्द ते मानतात, आणि रागावले तरी तुम्ही लांब आहात.

ता. क. २. फोन करू नका. बोट बघायला गिऱ्हाईक आलंय, आणि काका त्याला इंग्रजीत सांगताहेत की यंत्र उत्तम आहे, चालवणाराच कच्चा होता. हे ऐकवत नाही. आधी हे तुम्हाला पाठवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मग काकांना सांगायला जातो.