पन्नासच्या लेन्समध्ये न मावलेली

४ जानेवारी
बाथरूमच्या खिडकीला काळा कागद चिकटवला. सायली म्हणाली, "बाबा, आंघोळ कुठे करायची तेपण ठरवून ठेवा." रिटायर बापाचे उद्योग लेकीने नाही सोसायचे तर कोणी? बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला, निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं पाडणारा एनलार्जर शेवटी लागला एकदाचा. सोबत एकच लेन्स, पन्नास मिलिमीटरची. माझ्या कॅमेऱ्यातल्या पस्तीसच्या फिल्मला हीच लागते.
पहिला प्रिंट अर्थात शालनचा. बागेत उभी, सायली कडेवर. झकास आला. पण ही फोटोसाठी उभी राहिलेली शालन. मी कॅमेरा काढला की हिचा चेहरा रेशनकार्डावरचा व्हायचा. घरातली शालन वेगळी होती. ती गेली, आणि माझ्या एकाही फोटोत नाही.

७ जाने.
तिच्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह सापडल्या. लग्नानंतर माहेरून आणलेला तो डबा कॅमेरा. मोठ्या, चौकोनी निगेटिव्ह. यात ती नाहीच, सगळीकडे मी. दापोडीच्या खोलीसमोर मी. रेल्वेमागच्या मैदानात नव्या सायकलीसह मी, कुठेतरी बाजूला बघून दात काढतोय.
सायकलवाली ट्यूबलाइटसमोर धरली, तर खालच्या कोपऱ्यात काहीतरी. सायलीने मोबाईलवर काळ्याचं पांढरं करून दाखवली. सावली! शालनची. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढायचा, एवढं तिला कोणीतरी शिकवलेलं, म्हणून मी डोळे बारीक केलेला आणि पुढ्यात तिची सावली. आमच्या अल्बममधल्या प्रिंटवर ही नाही. स्टुडिओवाले कडा कापून द्यायचे. इतकी वर्षं पत्ता नाही!
सायली : "मोबाईलवर दिसतंय ना, बाबा?"
दिसतंय. काडेपेटीएवढं. आणि बोट लागलं की सरकून जातं.

९ जाने.
पन्नासवरच प्रिंट काढून पाहिला. चारही कोपरे पांढरे. एवढी मोठी निगेटिव्ह या लेन्समध्ये मावत नाही. सायकलची घंटीसुद्धा स्पष्ट, आणि शालन हवी तिथे कोरा कागद.
लेन्सला शिव्या घातल्या. तिचा काय दोष. मग बाथरूममध्येच पालथ्या बादलीवर बसून राहिलो. फार आठवण आली आज.

१५ जाने.
चाकणला गेलो. कांद्याच्या ट्रकांमागे बस अडकली, असो. कंपनीच्या टूलरूममधल्या जुन्या दोस्ताने कांताभाऊंचं नाव सुचवलेलं. त्यांच्या स्टुडिओत आता मुलाचं मोबाईलचं दुकान. कव्हरांच्या फळीखालून म्हाताऱ्याने लेन्सचा डबा ओढला.
"चौकोनी निगेटिव्हला पंचाहत्तर लावा, राव. समदे तीच लावत्यात."
उजेडात धरली. कडेला बुरशी. म्हटलं, कडा धूसर येणार.
"कडा कशाला पायजेत तुमाला? कडा तर आमी कापायचो!"
मग सांगितलं, मला कडाच हवीय. का तेही सांगितलं. मुलगा गिऱ्हाइकाच्या मोबाईलला काच चिकटवत होता, त्याचाही हात थांबला.
कांताभाऊ म्हणाले, "लय सावल्या कापल्या राव आमी. गिऱ्हाईक म्हणायचं, फोटू खराब झाला."
डबा पुन्हा उचकला. तळाशी एकशेपाच. काच स्वच्छ.
"ही न्या. तुमच्यापरीस मोठ्या निगेटिव्हची हाय, कोपरा सोडायची न्हाई. पर चित्र बारकं पडंल. लांबनं टाकावं लागंल."
निघताना म्हणाले, "फोटू निघाला की दावायला या. मला बी बघायचाय."
बसमध्ये लेन्स शर्टाच्या खिशात. सारखा हात तिथेच.

१८ जाने.
एकशेपाच लावली. कांताभाऊ खरं बोलले. कोपरा आख्खा आला, पण एनलार्जरचं तोंड त्याच्या खांबाच्या टोकाला नेलं तरी सावली बोटभरच. आत काही कळत नाही. पंचाहत्तर घेतली असती तर मोठी आली असती, पण कडेला धुकं. मोठी अर्धी की बारकी पूर्ण?
छे. मोठी आणि पूर्ण. हावरट म्हणा.

२१ जाने.
सुचलं. एनलार्जरचं तोंड मागे फिरवायचं, टेबलाबाहेर काढायचं आणि चित्र थेट फरशीवर पाडायचं. लांबी मिळते. फक्त वजन तिकडे जाऊन सगळं कोसळेल, म्हणून तळावर काहीतरी जड हवं. बाथरूममध्ये हे जमायचं नाही. हॉल. सायलीची शिफ्ट संपली की करू.

२५ जाने.
पडदे ओढले, फटींना चादरी. तळावर वजनाला शालनचा पाटा ठेवला. मिक्सर आल्यापासून उभाच होता बिचारा. मोठ्या कागदाचं पाकीट सायलीच्या हातात. एनलार्जरचा दिवा लावला.
निगेटिव्ह म्हणजे सगळं उलटं. मी काळा, आभाळ काळं. सावली तेवढी उजेडाची. आमच्या हॉलच्या फरशीवर शालन, लख्ख. अंबाडा. खांद्यावरून पदर. एका हाताने कॅमेरा पोटाशी धरलेला. दुसरा हात कॅमेऱ्यावर नाहीच. अगदी कडेला, पन्नासने खाल्लेल्या जागी, लांब केलेला, बोटं आत वळवलेली.
हात बोलावतोय. इकडे या. अजून जरा इकडे.
सायली म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या हाताकडे बघताय."
खरंच की. त्या फोटोत मी कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. तिच्या हाताकडे बघून हसतोय.
एक पाऊल पुढे गेलो. उजेडात माझं डोकं आलं आणि ती गेली. मागे सरलो, आली. पुन्हा गेलो नाही.
"कागद ठेवू?" सायलीने विचारलं. थांब म्हटलं. कागदावर आली की ती काळी होणार. सावलीच होणार परत. आणि नाही काढला, तर कांताभाऊंना काय दाखवू, आणि मी तरी रोज काय बघू?
निगेटिव्ह तापायला लागली. दिवा बंद करावा लागला. पाकीट तसंच, न फोडलेलं.
सायलीने ट्यूब लावली. चहा ठेवायला जाताना मी फरशीच्या त्या जागेला वळसा घालून गेलो. मागून सायलीपण.