एकाच शर्टातल्या दोन जाहिराती

नाशिक,
गुरुवार

तीर्थरूप झुंबरमामांना सनीचा वाकून नमस्कार.

मामा, मंगळवारी संध्याकाळी मालिकेतल्या सासूने सुनेच्या हातातलं ताट उडवलं, ताट हवेत असतानाच ब्रेक लागला, आणि त्या ब्रेकमध्ये तुमच्या भाच्याचं आयुष्य बदललं. पण ते सांगायच्या आधी तब्येतीचं विचारतो. तुमची शुगर कशी आहे? प्रतिभामामींचा गुडघा? सटाण्यात कांद्याला भाव बरा आहे ना? (बरा नसेल तर हे पत्र उद्या वाचा.) फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर मी आधी ओरडतो, मग तुम्ही "काय शे रे, सनी?" म्हणता, मग मी त्यावरही ओरडतो आणि मुद्दा राहून जातो. कागदावर ओरडता येत नाही. मी इथून पुढे सगळंच कागदावर बोलावं, असं आईचं मत आहे.

तुम्हाला माहीतच आहे, मी टीव्हीचा जुना भक्त. लहानपणी आई मालिका बघायची, बाबा बातम्या बघायचे, आणि ब्रेक लागला की दोघंही उठायचे. तेव्हा मी येऊन बसायचो. पाढ्यांच्या आधी मला साबणाच्या जाहिराती पाठ झाल्या. कॉलेज सुटलं तेही या भक्तीपायीच (आई लोकांना तब्येतीचं कारण सांगते). दुसऱ्या वर्षाला जाहिरात हा विषय शिकवणारे सर वर्गात अभिमानाने म्हणाले, आमच्या घरी टीव्ही नाही. माझं डोकं सणकलं. उभा राहून म्हणालो, सर, ज्याने नदीत पाय घातला नाही त्याने पोहायला शिकवू नये. सर म्हणाले, बाहेर जा. मी गेलो. ते वर्गाबाहेर म्हणत होते, मी कॉलेजबाहेर गेलो, एवढाच काय तो गैरसमज.

आता अंजली. तुम्ही मोठे आहात, म्हणून जास्त लिहीत नाही. (जास्त लिहिलेलं पान फाडून टाकलं.) मखमलाबादकडे तिच्या वडिलांचा, पुंजारामकाकांचा, गुलाबाचा आणि झेंडूचा मळा आहे, आणि सकाळी ती फूलबाजारात त्यांच्या गाळ्यावर बसते. आमचं बोलणं आहे. म्हणजे मी बोलतो आणि ती झेंडू तोलते. तोलताना ती माणसाकडे बघत नाही, काट्याकडे बघते. मी विचार केला, समोर उभं राहून दिसत नसू तर टीव्हीवर दिसावं, कारण संध्याकाळी त्यांचं अख्खं घर मालिकेसमोर असतं.

तेवढ्यात महापालिकेची निवडणूक लागली. किशोर म्हणून माझा शाळेतला मित्र गावातल्या केबलसाठी जाहिराती बनवतो. तो म्हणाला, एका उमेदवाराला 'समाधानी तरुण' पाहिजे, येतोस का? मी निळा चौकडीचा शर्ट घातला, नळाखाली ओंजळ धरली आणि म्हणालो, "आमच्या वॉर्डात पाणी आलं, विकास आला!" जाहिरात लागली. दुसऱ्या दिवशी अंजली काट्याकडे बघत म्हणाली, "दिसलास. पण डोळे मिटलेले होते." मामा, तोंडावर पाणी उडालं होतं! पण ऐकून घेईल तर ती अंजली कसली? मी तणतणत किशोरकडे गेलो, म्हटलं, उघड्या डोळ्यांचा मी पुन्हा काढ. तो म्हणाला, ती जाहिरात झाली, आता समोरच्या उमेदवाराला 'त्रस्त तरुण' हवाय, आणि त्यात डोळे वटारायचेच आहेत. मला डोळ्यांशी मतलब. शर्ट तोच (दुसरा आईने भिजत घातला होता), नळ तोच, फक्त किशोरने मागून कॉक बंद केला. "पाणी कुठंय? नोकरी कुठंय? आता बदल हवा!" असा काही पेटलो की किशोर म्हणाला, भावा, ओरिजिनल आलं.

दोन्ही जाहिराती वेगवेगळ्या दिवशी लागतील असं तो म्हणाला होता. मंगळवारी ताट हवेत असताना त्या एकामागोमाग लागल्या. आधी मी समाधानी, मग पैठणीच्या दुकानाची जाहिरात, मग मी त्रस्त. एवढ्या वेळात माणसाला चहासुद्धा नकोसा होत नाही, मला अख्खा वॉर्ड नकोसा झाला. आईने टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं (मी तोच घालून बसलो होतो) आणि म्हणाली, "पैठणी छान होती."

बुधवारी फूलबाजारात गेलो तर अख्खा बाजार विचारतोय, काय समाधानी, आज कसं वाटतंय? गाळ्यावर पुंजारामकाकाही होते. दोन्ही उमेदवारांच्या मिरवणुकांचे हार त्यांच्याकडूनच जातात, आणि तेही एकाच टेम्पोत. मी तापून तेच म्हणालो. काका, तुम्ही पण दोघांनाही हार देताच की! ते शांतपणे म्हणाले, "हार देतो भाऊ. झेंडूचा हाय. तोंड नाय देत." यावर गोटीराम हमाल खी खी करून हसला. मी फुलांच्या पाटीला लाथ मारली. पाटी लोखंडी निघाली. अंगठा आता टोमॅटोएवढा आहे.

अंजली हसली नाही. तिने पहिल्यांदाच काटा सोडून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझ्या घरी पाणी येतं का नाही?" मामा, आमच्याकडे एक दिवसाआड येतं. म्हणजे आलं त्या दिवशी पहिली जाहिरात खरी, नाही आलं त्या दिवशी दुसरी. मी हे तिला समजावून सांगत होतो, तर ती म्हणाली, "मला पण असंच एक दिवसाआड सांगशील का? रविवारी कळवणचे लोक मला बघायला येतायत. तुला काही म्हणायचं असेल तर त्याआधी घरी येऊन आप्पांना म्हण. आणि कुणी लिहून दिलेलं नको."

तेव्हापासून मला काही सुधरत नाहीये. टूथपेस्टच्या जाहिरातीतला पांढऱ्या कोटातला माणूस डॉक्टर नसतो, खाली बारीक अक्षरात तसं कबूलही केलेलं असतं, पण त्याला कुणी म्हणत नाही, आ कर, तुझे दात दाखव. टीव्हीवरच्या चर्चेत परवाचा प्रवक्ता आज पलीकडच्या खुर्चीत बसून तेवढ्याच जोरात ओरडतो, तर बाबा म्हणतात, अभ्यासू माणूस आहे. नेते पक्ष बदलतात तेव्हा निदान उपरणं तरी बदलतात, माझा शर्ट तोच राहिला, एवढीच माझी चूक. का चूक दुसरीच आहे आणि मला दिसत नाहीये? कारण खरं सांगू का मामा, दोन्ही वेळा मी मनापासून बोललो होतो. पहिल्या वेळी पाणी गार होतं, बरं वाटलं. दुसऱ्या वेळी खरोखर संताप आला. मग यातला मी कोणता?

आप्पांना, म्हणजे पुंजारामकाकांना, काय सांगायचं ते कालपासून लिहितोय. पहिलं वाक्य झालं, "तुमच्या मुलीच्या सुखाची खात्री, सनी." फाडलं. दुसरं झालं, "आजच निर्णय घ्या, संधी रविवारपर्यंतच." तिसऱ्यात भाषणच सुरू झालं, मी आश्वासनं देत नाही, करून दाखवतो. पण काय करून दाखवतो ते सुचेना. मी कधी स्वतःचं एखादं वाक्य बोललोय का? नदीचं आणि पोहण्याचं ते? तेही कुठल्या तरी मालिकेतलंच असणार.

असो. टीव्ही, जाहिरात आणि राजकारण, तिन्ही मी सोडलं आहे. हे पत्र फक्त मन मोकळं करायला लिहिलं, तुमच्याकडून काही म्हणजे काही नको. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
सनी

ता. क. शनिवारी सकाळच्या एसटीने नक्की या. तुम्ही पुंजारामकाकांसमोर बसा, मी मागे उभा राहतो. तुमचा आवाज भरदार आहे, कांद्याच्या लिलावात तुम्ही बोललात की बाकीचे गप्प बसतात. काय बोलायचं ते मी लिहून देतो.

ता. क. २. वरचं पुन्हा वाचलं. म्हणजे आता मी किशोर झालो आणि तुम्ही समाधानी मामा. येऊ नका. (रविवारी संध्याकाळी आलात तर चालेल. निकाल काहीही लागला तरी घरात मोठं माणूस हवं.)

ता. क. ३. आत्ता किशोरचा फोन आला होता. एका अपक्षाला 'गोंधळलेला तरुण' पाहिजे. म्हणाला, तुला काहीच करावं लागणार नाही, नुसता बस. मी नाही म्हणालो. ओरडलोसुद्धा नाही, म्हणून तो घाबरला आणि तब्येत विचारायला लागला.

ता. क. ४. शेजारच्या भिकाचा सटाण्याला जाणारा टेम्पो खाली हॉर्न देतोय, पत्र त्याच्याकडेच देतोय. त्याला म्हणणार आहे, थोडी वाट वाकडी कर आणि मला मखमलाबादला सोड. रविवारपर्यंत थांबलो तर परत काहीतरी पाठ करून बसेन. काय बोलणार ते खरंच ठाऊक नाही. सुजलेल्या अंगठ्यामुळे चप्पल घालता येत नाही, म्हणून बाबांच्या ढगळ स्लिपर घातल्यात. आई आतून ओरडतेय, "अरे कुठे चाललास, आता मालिका लागेल ना!" तिला म्हटलं, तू बघ. एवढं दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर कागद ठेवून लिहिलं. अक्षर समजून घ्या. निघालो मामा, बाहेर आलो, दार लावलं.