पेन चालेल

तांदिल, मे महिना

प्रिय लुसेरो,

फोन असताना आजीला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तुझी आई म्हणेल. तिला सांग, मी फोनवर बोलायला लागले की तुझे आजोबा शेजारी बसून कान टवकारतात, आणि आज मला त्यांच्याबद्दलच बोलायचंय. आत्ता ते हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे गेलेत. माझ्यापुढे ‘माते’ या कडू चहाचा पेला आहे, किटलीत पाणी गरम आहे आणि मांडीवर मांजर घोरतंय. तेव्हा तूही सावकाश वाच.

जानेवारीत उन्हाळ्याची सुट्टी संपवून तू रोसारिओला परत गेलीस आणि त्याच आठवड्यात आजोबांना तो झटका आला, हे तुला माहीत आहे. आता पाय चालतो. जीभ थोडी अडखळते, पण माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याइतकी नक्की वळते. उजवा हात मात्र काही केल्या ऐकत नाही. ज्या माणसाने उभा जन्म चौथीच्या पोरांना शाईच्या पेनाने लिहायला शिकवलं, त्याला स्वतःचं नाव लिहिता येईना. फेब्रुवारीभर ते खिडकीपाशी नुसते बसून होते. मला फार भीती वाटायची, पोरी. ते ओरडले असते तर मी उलट ओरडले असते, पण गप्प बसलेल्या आन्सेल्मोचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग मार्चमध्ये शाळा उघडल्या. पांढरे डगले घातलेली पोरं आपल्या दारावरून जायला लागली, आणि एके सकाळी हे म्हणाले, "डेल्फिना, मला डाव्या हाताने लिहायचंय. पेन बघायला हवं." मी कांदा चिरत होते, म्हणून माझे डोळे कशाने भरले ते त्यांना कळलं नाही.

मी आपली हौसेने गेले आणि एक देखणं पेन घेऊन आले. काळंभोर, सडपातळ, फिरकीच्या टोपणाचं. एका हाताने फिरकी उघडायची कशी, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही! यांनी टोपण दातांत धरून पेन फिरवलं, आणि टोपणाबरोबर कवळीच बाहेर आली. आधी आम्ही दोघांनी कवळीकडे बघितलं. मग असे हसलो की शेजारची ग्रासिएला कुंपणाशी येऊन विचारायला लागली, काय झालं म्हणून. जानेवारीनंतर या घरात कुणी हसलं ते पहिल्यांदा.

त्यानंतर मास्तर स्वतःच निघाले, काठी टेकत. त्यांच्या अटी ऐकशील तर तुला वाटेल नवरीच शोधतायत. टोपण ओढलं की निघणारं हवं. पेन जाड हवं, पण हलकं. पोरांच्या पेनांना बोटं टेकायला खाचा असतात ना, त्या उजव्या हाताच्या मापाच्या, त्या नकोत. निब फार बारीक नको, कारण डावा हात पेन ओढत नाही, पुढे ढकलतो, आणि बारीक निब कागदात रुततं. शाई लवकर वाळणारी हवी. आणि महाग तर मुळीच नको! "माझ्या वर्गात रंगाऱ्याच्या पोरीला परवडेल तेच पेन चालायचं. मला आता वेगळा नियम का?" हे वर.

स्टेशनरीवाल्या रुफिनाने अर्धं दुकान त्यांच्यापुढे ओतलं. तीही त्यांच्याच हाताखालची. "मास्तर, वर्गात तुम्ही आम्हाला छळलंत, आता दुकानात येऊन छळताय!" म्हणाली, आणि शिडीवर चढून तिने माळ्यावरचा खोका काढला. त्यात हिरवट, गोलमटोल, जुन्या मालातली पेनं. "हे कोणी घेत नाही हो. याच्यावर चित्र नाही." आजोबांनी त्यातलं एक डाव्या हातात तोललं, टोपण ओढलं आणि म्हणाले, "चित्र मी काढीन." किंमत ऐकून मलाच लाज वाटली, इतकी ती कमी होती.

पण गंमत पुढेच आहे. पेन घरी आलं आणि कपाटावरच्या पेल्यात जाऊन उभं राहिलं. त्यात अजून शाईसुद्धा भरलेली नाही. आजोबा रोज सकाळी पेन्सिल घेऊन बसतात. तू कागद कसा तिरका धरतेस ते त्यांनी उन्हाळ्यात बघून ठेवलं होतं, तसाच धरतात. जीभ बाहेर काढून, अगदी तुझ्यासारखी. पहिल्या दिवसाचं अक्षर बघून मी तोंड फिरवलं होतं. आता त्यांचा 'ल' बघावा. माणूस हट्टी आहे हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे, पण त्या हट्टावर माझा इतका जीव जडेल असं वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "अहो, आता तरी पेन घ्या." तर म्हणाले, "मास्तरांनी वहीत लिहिल्याशिवाय पेन्सिल सुटत नाही." त्यांच्या वर्गाचा नियम तुला माहीतच आहे. पानाखाली लाल पेन्सिलीने 'पेन चालेल' लिहून आलं की वर्ग टाळ्या वाजवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं पेन घेऊन यायचं. मी म्हटलं, मी लिहिते. "तू माझी बायको. मी भाजताना जाळलेलं मांसही तू छान म्हणून खाल्लंयस." रुफिना लिहायला तयार होती. "तिला पेनं खपवायचीत."

तेव्हा आता या पत्राचं खरं कारण. सोबत घडी केलेलं पान आहे, ते आजोबांचं. सगळ्यात बरं पान निवडायला त्यांनी तीन दिवस घातलेत, आणि ते माझ्या हातात देताना म्हणाले, "तिलाच पाठव. गेल्या उन्हाळ्यात मी तिला 'अजून नाही' म्हटलं होतं, ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला बसली. ती मला सूट देणार नाही." लुसेरो, आपल्या घरात डाव्या हाताची मास्तरीण तू एकटीच आहेस. पान नीट तपास. 'ग'चा काना बघ, ओळी वर चढल्यात का बघ. मग खाली लाल पेन्सिलीने 'पेन चालेल' लिही, नाहीतर 'अजून नाही' लिही. 'अजून नाही' आलं तरी ते रडणार नाहीत, उद्या पुन्हा बसतील. पण माया करून खोटं लिहू नकोस. ते अक्षरावरून ओळखतात.

मी टाळ्यांसाठी ग्रासिएलाला सांगून ठेवलंय.

तुझ्या निकालाकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आजी डेल्फिना